स्टाउट काळी असते, म्हणून ती कडक असतेच असे नाही

‘काळी स्टाउट सर्वांत कडक बिअर असते आणि तिच्यात कॉफी-चॉकलेटचा इसेन्स घातलेला असतो,’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. डब्लिनच्या ‘गिनेस ड्राफ्ट’ या काळ्याभोर स्टाउटमध्ये मद्यार्क सुमारे ४.२ टक्केच असतो, म्हणजे आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या बिअरपेक्षा बराच कमी. इम्पीरियल स्टाउट मात्र खरोखरच कडक असते.

चवीचे मूळ बिअरच्या धान्याच्या, म्हणजे बार्लीच्या, भाजणीत आहे. कॉफीच्या बियांप्रमाणेच बार्ली २०० अंश सेल्सिअसच्या वर भाजली, की तिला तोच करपट-कडसर वास येतो. ‘चॉकलेट माल्ट’ हेही अशा भाजलेल्या धान्याचेच नाव असून त्यात कोको नसतो. काही स्टाउटमध्ये खरी कॉफी किंवा चॉकलेट घालतात, हे खरे. इंग्लंडची यंग्ज डबल चॉकलेट हे त्याचे उदाहरण. ‘मिल्क स्टाउट’मध्ये तर दुधातील साखर असते, म्हणून दूध न पचणाऱ्यांनी लेबल जरूर वाचावे.

चव पारखायची असेल, तर पेला बर्फगार नसावा, कारण अति थंडाव्यात भाजणीचा वास दबतो. उजेडासमोर धरल्यावर त्याच काळ्या बिअरच्या कडेला माणकासारखी तांबूस झाक दिसते.