माइक शाईला चिकटवू नका

‘माइक जितका जवळ, तितका आवाज खरा’ असं सांगणारा एक मेसेज तबला-पेटीवाल्यांच्या ग्रुपांत फिरतोय. तबल्याचा माइक शाईपासून (कातड्यावरचा मधला काळा गोल) दोन बोटांवर, पेटीचा भात्यामागे, तानपुऱ्याचा भोपळ्याला टेकवून. माइक जास्त तेवढं उत्तम, आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे. माझ्या भाचीने स्पर्धेचा तीनताल असाच रेकॉर्ड केला. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं खर्जाचं वाद्य, ऐकून वाटतं, कुणी गादी झोडपतंय. काठाच्या पट्टीवर, म्हणजे चाटेवर, वाजणारा ‘ना’ हा बोल तर गायबच. वर तिच्या गुरुजींनी विचारलं, चाटेवर बोट पडत नाही का? पोरीचा हात चांगला आहे हो, माइक चुकलाय!

तबल्याचा आवाज एकट्या शाईचा नसतो, अख्ख्या पुडीचा, म्हणजे वर ताणलेल्या सगळ्या कातड्याचा असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आणि पुढे १९३४ च्या सविस्तर निबंधात दाखवलंय की साध्या कातड्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) एकमेकांशी जुळत नाहीत, शाईच्या वजनामुळे ते सुरेल पटीत येतात. हे उपस्वर उमटताना पुडी निरनिराळ्या आकृत्यांत थरथरते. एकाच वेळी कुठे जोरात हलते, कुठे जवळपास स्थिर असते. माइक दोन बोटांवर नेलात की त्याला मुख्यतः समोरचं टीचभर कातडंच ऐकू येतं. तिथे कान लावून तबला कोण ऐकतं? त्यातून घरोघरी असतो तो कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक. तो जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो, म्हणून डग्ग्याची घिस (तळहात सरकवून काढलेला आवाज) बदबदते.

भाचीला माइक दीड फुटावर, दोन्ही वाद्यांच्या मधोमध, वरून तबल्याच्या चाटेकडे तिरपा ठेवायला लावला. तोच हात, तोच ठेका. ‘ना’ला धार आली, ‘धा’मध्ये दोन्ही हात वेगळे कळायला लागले.

जवळच्या माइकमध्ये पंखा आणि रस्त्यावरच्या रिक्षा कमी येतात, हे मात्र खरं. अंतर निम्मं केलं की वाद्य साधारण सहा डेसिबलने वर येतं. पण मग पंखा बंद करा ना!

भात्यामागे हवेचा फुसफुसाट आणि भात्याची धडधडच मिळणार. पेटी वरून घ्या, पट्ट्यांच्या बाजूने. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, तारा टेकतात त्या घोडीवर असते. मिरजेचे कारागीर घोडी घासघासून ती काढतात आणि हे म्हणे भोपळ्याला माइक टेकवा!

माइक जास्त म्हणजे उत्तम? एक माइक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब असेल, तर आवाज तिथे सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की ५०० आणि १५०० हर्ट्झच्या आसपासचा सूर खाल्ला जातो. दोन वापरायचेच असतील, तर वाद्यापासून माइकचं जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा.

आणि ते अंड्यांचे ट्रे. शेजारच्या कुकरची शिट्टी त्यांतून जशीच्या तशी येते, शिवाय कागदी ट्रे पटकन पेट घेतात. खोली घुमत असेल तर दोन जाड गोधड्या टांगा.