आजोबांना भाऊ किती होते, काका?

काका, नमस्कार.

सिगारेटनं होणाऱ्या आजारांवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: "हे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत. आमच्या परभणीकडं सिगारेट ओढतंय कोण? माझे आजोबा रोज एक बंडल बिडी ओढून ८८ वर्षं जगले, शेवटपर्यंत शेतात जायचे. मी ६१ चा आहे, दिवसाला चारच बिड्या ओढतो, मला काही झालं नाही. मराठवाड्यात माणूस दुष्काळानं अन् कर्जानं मरतो, त्यावर लिहा."

असं म्हणणारे तुम्ही एकटे नाहीत. माझ्या घरातही हेच ऐकत मोठा झालो. म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देतो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. सिगारेट आपल्याकडं कमी, हे खरंच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणजे आपल्याकडचा मोठा घोर चुना-तंबाखू, गुटखा आणि बायाबापड्यांच्या मिसरीचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठं मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लेखात मी हे सगळं सोडून सिगारेटच धरून बसलो, ही माझी चूक. तोंडाच्या कॅन्सरवर वेगळं लिहिणार आहे.

पण सिगारेट वाईट असेल, बिडीचं काय एवढं, हा तुमचा सूर मला मान्य नाही. बिडीचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा खेळू देत नाही. ती सारखी विझायला बघते, म्हणून माणूस जोर लावून, घाईघाईनं झुरके ओढतो. आत तंबाखू चिमूटभर असली तरी छातीत जाणारा धूर चिमूटभर नसतो.

आता आजोबा. ते ८८ वर्षं जगले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मला विचारायचंय ते एवढंच की त्यांना भाऊ किती होते? त्यातले बिडी ओढणारे किती, आणि ते कोणत्या वयात, कशानं गेले? ८८ वर्षांचा म्हातारा पारावर बसलेला असतो, येणारा-जाणारा त्याला रामराम घालतो, म्हणून तो सगळ्या गावाच्या ध्यानात राहतो. पन्नाशीत गेलेला त्याचा भाऊ नातवंडांनी पाहिलेलाही नसतो. आणि तो गेला तेव्हा लोक काय म्हणाले असतील? "दम्यानं गेला." "छातीत कळ आली अन् गेला." "टीबी होता." बिडीनं गेला असं कुणी म्हणत नाही. दवाखान्याच्या कागदावरही तो शब्द येत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे थोरले मामा जिंतूर तालुक्यातले. छत्तीस वर्षांचे असताना त्यांची डावी पोटरी चालता चालता धरायला लागली. घरापासून मळ्यापर्यंत जाताना दोनदा थांबायचे. थांबलं की कळ जायची, चाललं की पुन्हा यायची. पुढं रात्रीची झोप गेली. पाय खाटेवर ठेवला की ठणका लागायचा, म्हणून ते रात्रभर खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसायचे. खाली सोडला की जरा रक्त उतरायचं आणि बरं वाटायचं. बसल्या बसल्या दुसरं काय करणार, एकामागून एक बिडी. आजी लसूण घालून तेल कढवायची आणि पाय चोळायची. पाय थंडगार. अंगठा आधी जांभळा झाला, मग काळा, वाळलेल्या खारकेसारखा.

सगळ्यांना वाटलं शुगर असेल. रक्त तपासलं, शुगर नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "बिडी किती?" या आजाराला बर्गरचा आजार म्हणतात, लिओ बर्गर या डॉक्टरनं १९०८ साली त्याचं वर्णन केलं. तंबाखूमुळं हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात आणि बोटांचं रक्त तुटतं. तंबाखू न वापरणाऱ्याला हा आजार जवळपास होतच नाही. ती पूर्ण सोडण्याशिवाय त्याला थांबवणारं खात्रीचं औषधही नाही. मामांनी सोडली नाही. अंगठा काढला. वर्षभरात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. कागदावर लिहिलं "गँगरीन". गावात सांगितलं, चप्पल लागून चिघळलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर त्यांनी बिडी टाकली ती टाकलीच. त्याला वीस वर्षं झाली, उजवा पाय शाबूत आहे.

मरणाच्या कागदावर बिडी येत नाही, म्हणूनच डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी देशभरातल्या ११ लाख घरांमधले मृत्यू घेतले आणि घरच्यांना विचारलं, गेलेला माणूस ओढत होता का? मग त्याच भागातल्या जिवंत माणसांशी ताडून पाहिलं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि बायकांचं ८ वर्षांनी कमी निघालं. आणि जादा मृत्यू फक्त कॅन्सरचे नव्हते. टीबी, दमा-फुफ्फुसाचे विकार, हृदयविकार, सगळ्यांत बिडीचा हात होता. धुरानं फुफ्फुसाची राखण करणारी यंत्रणा खिळखिळी होते, मग अंगात दबून बसलेला टीबी डोकं वर काढतो. ज्या मरणाला आपण "टीबी होता" म्हणून हात जोडले, त्यातली कितीतरी बिडीच्या खात्यावर मांडायला हवी होती.

आजोबांसारखी माणसं असतातच. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या आयुष्याची नोंद ठेवायला घेतली, ती ५० वर्षं चालली. त्यात पस्तिशीपासून पाहिलं तर कधीच सिगारेट न ओढणाऱ्या १०० पैकी ५९ जण ऐंशीपर्यंत पोचले. ओढत राहिलेल्यांपैकी २६ पोचले. तुमचे आजोबा असल्या २६ मधले. मी विचारतोय ते उरलेल्या ७४ जणांबद्दल.

"चारच ओढतो" हे मामाही म्हणायचे, पण ते सोडा. हृदयाला हा हिशेब समजत नाही. २०१८ साली १४१ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा निघाला. विसावा भाग नाही, निम्मा. रक्त घट्ट व्हायला, शिरा आवळायला थोडा धूरही पुरतो.

दुष्काळाचं तुम्ही म्हणता ते मला लागलं. भूक मारायला बिडी ओढतात, हे मी हमालांना आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांना पाहून जाणतो. निकोटीननं भूक खरंच मरते. पण म्हणूनच हा विषय पुण्या-मुंबईचा नाही, काका. ज्याच्या घरात एकच कमावता हात आहे, त्याचा पाय कापला गेला तर काय होतं ते मी पाहिलंय. मामांचं दोन एकर रान दवाखान्यापायी गेलं, आणि त्या वर्षी पाऊस चांगला होता.

तुम्ही ६१ चे आहात म्हणून एक सांगतो. त्याच इंग्लंडच्या अभ्यासात साठीला सोडणाऱ्यांच्या पदरात सरासरी ३ वर्षं पडली, पन्नाशीला सोडणाऱ्यांच्या ६. पहिले तीन-चार दिवस फार चिडचिड होते, झोप उडते, जेवणानंतर हात आपोआप खिशाकडं जातो. मामा तेव्हा खिशात बडीशेप ठेवायचे. तीन-चार आठवड्यांत ओढ बरीच उतरते. सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६, सोडायला मदत करतात. वाटलं तर लावा.

आणि आजोबांच्या भावांचं विचारलंय, ते घरात कुणा जुन्या माणसाला विचारून खाली लिहा. कोण, किती वर्षांचे, कशानं गेले. मी वाट पाहतो.