शांत हिवाळ्याचं कौतुक मला सांगू नका

२०२४ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला हवामान खात्याने हिवाळ्याचा अंदाज दिला होता: देशाच्या बहुतेक भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, थंडीच्या लाटा नेहमीपेक्षा कमी येतील. चॅनेलवाले खूश. 'यंदा उत्तरेला थंडीपासून दिलासा.' आमच्या घरच्या ग्रुपवरही अंगठे पडले, कारण मी हरियाणात कर्नालला असते आणि माझ्या थंडीची काळजी सगळ्या सोलापूरला असते. (कर्नाल म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'म्हणजे पानिपतच्या बाजूलाच ना?' हो, बाजूलाच. आणि तिथली लढाई १४ जानेवारीची, ऐन थंडीतली, हेही माहीत आहे.)

मी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसते. त्यामुळे 'दिलासा' हा शब्द ऐकला की कोणाला दिलासा, असं विचारावंसं वाटतं. दिल्लीत पुलाखाली झोपणाऱ्याला, रात्रपाळीच्या चौकीदाराला आहे, शंभर टक्के आहे, आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण बाकीच्यांनी 'सौम्य' (कमी थंडीचा) आणि 'शांत' (वादळ-पावसाविना) हे दोन शब्द एकाच पिशवीत भरू नयेत.

शांत हिवाळा कसा असतो ते इथे जानेवारी २०२४ मध्ये बघितलं. या मैदानात हिवाळ्यात जी काही हालचाल होते ती पश्चिमेकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही वादळं इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात, हिमालयात बर्फ टाकतात, खाली पंजाब-हरियाणात पाऊस पाडतात. इथली म्हातारी माणसं या पावसाला महावट म्हणतात. त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत जोरदार असं काही आलंच नाही. आकाश शांत, वारा शांत. मग झालं काय? पाणी दिलेली ओली शेतं, कालवे, निरभ्र लांबलचक रात्री. जमीन रात्री उष्णता सोडून गार होते, तिच्यालगतची दमट हवाही गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि धुकं धरतं. वारा नाही म्हणून ते हलत नाही. दुपारी वरून ऊन असतं, पण धुक्याच्या थरातून खाली पोचत नाही. रात्रीचा पारा फार खाली गेला नाही तरी दिवस गारठलेले. हवामान खातं याला 'कोल्ड डे' म्हणतं, आणि थंडीच्या लाटांच्या यादीत हे दिवस येतीलच असं नाही. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात लोकांनी कित्येक दिवस सूर्य पाहिला नाही. गाड्या तासन्‌तास उशिरा, हायवेवर ट्रकला ट्रक धडकलेले, आणि दिल्लीचा धूर जागच्या जागी. तिकडे गुलमर्गच्या उतारांवर ऐन चिल्ले कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक चाळीस दिवसांत, सुकलेलं गवत दिसत होतं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. २०२५ मध्येही त्या पुढे गेल्या, त्या वर्षी तर मार्चपर्यंत.

आता गहू. थंडी पडली तर फुटवे चांगले येतात. डिसेंबर-जानेवारी उबदार गेला की पीक घाई करतं, ओंबी लवकर निघते. पुढे दाणा भरताना ऊन तापलं तर तो बारीक राहतो. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा दिवसाच्या तापमानाने सगळ्यात तापलेला मार्च. सरकारी गहूखरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली (व्यापाऱ्यांनी जादा भावाने उचलला हेही त्यात आलं) आणि १३ मे रोजी निर्यातबंदी झाली. त्या वर्षीची थकबाकी अजून डोळ्यासमोर आहे. जानेवारी २०२२ मात्र चांगला ओला होता. म्हणजे नुसत्या हिवाळ्यावरून मार्चचं भाकीत करता येत नाही, हे मलाही कळतं.

उलटंही घडतं. २०२५ चा फेब्रुवारी देशाच्या सरासरी तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण, तरी गहू सरकारी अंदाजानुसार विक्रमी, ११.७ कोटी टनांच्या वर. याचं श्रेय मी उष्णता सोसणाऱ्या नव्या वाणांना आणि लवकर पेरणीला देते. कर्नालच्याच गहू संशोधन संस्थेचे वाण इथे घरोघरी आहेत. पण त्या विक्रमामागे जमिनीतलं पाणीही आहे. महावट पडलं तर पाण्याची एक पाळी वाचते. नाही पडलं तर ट्यूबवेल चालू होतो, आणि इथली पातळी वर्षानुवर्षं खाली जातेय. उत्पादनाच्या आकड्यात हा खर्च दिसत नाही.

बर्फाचं तर बोलायलाच नको. वर साठा कमी तर उन्हाळ्यात सतलज-बियासला पाणी कमी, आणि कोरड्या हिवाळ्यानंतर उत्तराखंडची जंगलं पेटायला तयार.

आपल्याकडेही हे येऊन पोचतं. उत्तरेत वेस्टर्न डिस्टर्बन्स पुढे सरकला की मागून गार वारे खाली उतरतात, निफाडचा पारा घसरतो. आपण शरबती, लोकवन खातो, तो बहुतेक मध्य प्रदेशचा किंवा घरचा. पण रेशनच्या गव्हात पंजाब-हरियाणाचा वाटा मोठा आहे.

हवामान खात्याला मी दोष देत नाही. ते पावसाचा अंदाजही देतात, वायव्य भारतासाठी, जानेवारी ते मार्चचा. तिथली सरासरी १८४.३ मिलिमीटर. १ जानेवारी २०२५ ला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की यंदा पाऊस सरासरीच्या ८६ टक्क्यांहून कमी पडण्याची शक्यता आहे. आमच्या शाखेत येणाऱ्या माणसाच्या कामाचा अंदाज हा. पण तो ऐन नव्या वर्षाच्या दिवशी येतो, आणि त्या दिवशी चॅनेलवर रात्रीच्या पार्ट्या चालू असतात.