बॅकलॉगचा क्रम एक्सेल ठरवत नाही

सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. थोडक्यात असा: रिक्वायरमेंटचं प्राधान्य हा मताचा विषय नाही. बॅकलॉगमधल्या, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतल्या, प्रत्येक स्टोरीला (युजरच्या एकेका गरजेला) फॉर्म्युल्याने स्कोअर द्या, उतरत्या क्रमाने लावा आणि वरून कामाला लागा. क्रम ठरवताना डेव्हलपरना मध्ये घेऊ नका, टेक्निकल कामं वेळ उरला तर करा, महत्त्वाचं ते सगळं 'मस्ट'मध्ये, म्हणजे 'हवंच' या गटात टाका, आणि एकदा लावलेला क्रम हलवू नका. ऐकायला शिस्तीचं वाटतं. नवे प्रॉडक्ट ओनर, म्हणजे या यादीचा क्रम ठरवणारे, तो जसाच्या तसा उचलतात आणि निस्तरावं टीमला लागतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"स्कोअर आला की वाद मिटला."
स्कोअर येतो कुठून ते पाहा. राइस (RICE) या स्कोअर काढायच्या पद्धतीत रीच (किती जणांपर्यंत पोचेल), इम्पॅक्ट (त्यांना किती फरक पडेल) आणि कॉन्फिडन्स (अंदाजाची खात्री) यांचा गुणाकार करून एफर्टने (लागणाऱ्या मेहनतीने) भागतात. समजा एका फीचरचा रीच २०००, इम्पॅक्ट १, कॉन्फिडन्स ८० टक्के, एफर्ट ४. स्कोअर ४००. दुसऱ्याचा रीच १२००, इम्पॅक्ट २, कॉन्फिडन्स ५० टक्के, एफर्ट ३. तोही ४००. आता मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, "माझं दोन ग्राहकांशी बोलणं झालंय, कॉन्फिडन्स ८० धरा," की दुसरं फीचर थेट ६४० वर. इम्पॅक्ट २ चा १ केला तर पुन्हा निम्म्यावर. हे सगळे आकडे माणसांनीच अंदाजाने भरलेले असतात. म्हणजे वाद मिटत नाही, तो एका सेलमध्ये जाऊन बसतो आणि ज्याला शीट एडिट करता येते तो जिंकतो. ४०० आणि ४० मधला फरक मी गांभीर्याने घेईन. ४०० आणि ३७० मधल्या फरकावर कोणतंही काम मागे टाकणार नाही.

"डेव्हलपरचा क्रमाशी काय संबंध?"
अंतिम निर्णय प्रॉडक्ट ओनरचा, याबद्दल दुमत नाही. स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या २०२० च्या गाइडनुसार प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. पण कामाचा आकार ठरवणं ही जबाबदारी तेच गाइड डेव्हलपरवर टाकतं. एफर्टचा आकडा त्यांच्याकडून घ्यायचा आणि त्यांना बाहेर बसवायचं, हे जमणार कसं?

त्याहून मोठी गोष्ट अवलंबनाची. 'ग्राहकाला पैसे परत करणे' ही स्टोरी स्कोअरमध्ये पहिली येते, कारण सगळे तीच मागतात. प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र नोंद ठेवणं कोणीच मागत नाही, म्हणून ते यादीत तळाला. ती नोंद नसेल तर अर्धी रक्कम परत करायची वेळ आली की आधी किती दिलेत हे सिस्टिमला सांगताच येत नाही. मग कोणीतरी रिफंडच्या कोडमध्येच तात्पुरता टेबल घुसवतो आणि पुढे तोच सगळ्यांच्या गळ्यात पडतो. "हे त्याच्याआधी लागेल" असं सांगू शकणारी माणसं त्या खोलीत हवीत. फॉर्म्युल्यात त्यासाठी रकानाच नाही.

जोखमीचंही तसंच. लाखो नोंदींमध्ये सर्च हव्या त्या वेळेत होईल की नाही हेच माहीत नसेल, तर त्याचा छोटा प्रयोग आधी करायला हवा, भले त्यातून युजरला आज काही दिसत नसेल. बॅरी बोहम यांचं जोखीम आधी हाताळणारं स्पायरल मॉडेल १९८० च्या दशकापासून हेच सांगतंय.

"टेक्निकल कामं वेळ उरला तर."
वेळ उरत नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा राहिलेल्या कामाला कर्ज म्हटलं, कारण त्यावर व्याज चढतं: तोच बदल पुढच्या वेळी जास्त वेळ खातो. अजाइल, म्हणजे बदल सामावत टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर करायच्या विचाराचा २००१ चा जाहीरनामा, अर्थात अजाइल मॅनिफेस्टो, त्याच्या बारा तत्त्वांत तांत्रिक दर्जाकडे सतत लक्ष देणं आहे, उरल्या वेळात नव्हे.

"महत्त्वाचं ते सगळं मस्टमध्ये टाका."
डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या मॉस्को पद्धतीचा हा सरळ गैरवापर आहे. तिच्यात कामं मस्ट, शुड, कुड आणि वोंट अशा चार गटांत वाटतात. ती पद्धत उचलून धरणाऱ्या डीएसडीएम या अजाइल पद्धतीमध्ये मस्टचं काम एकूण एफर्टच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे अडचण आली तर सोडायला काहीतरी हाताशी राहतं. सगळंच मस्ट केलंत तर पहिल्याच अडचणीला रिलीज पुढे ढकलावं लागतं. प्रत्येक मस्टला एकच प्रश्न विचारा: हे नसेल तर आपण रिलीज रद्द करू का?

"एकदा लावलेला क्रम हलवू नका."
चालू स्प्रिंटचं (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्याचं) ध्येय उठसूट बदलू नये, एवढ्यापुरतं बरोबर. पण खालचा बॅकलॉग गोठवायचा असेल तर दर स्प्रिंटला फीडबॅक घ्यायचा कशाला? उशिरा आलेल्या बदलाचंही स्वागत करा, हे मॅनिफेस्टोचं दुसरंच तत्त्व आहे. क्रम हलला याचा टीमला त्रास होत नाही. का हलला हे कळलं नाही की होतो. त्यासाठी वरच्या दहा-बारा स्टोरींसमोर स्कोअरच्या शेजारी एक ओळ लिहा: हे आत्ताच का, आणि कोण यासाठी अडलंय. ज्या स्टोरीसमोर ती ओळ लिहिता येत नाही, ती खाली सरकवा, मग स्कोअर कितीही असो.