७.४ म्हणजे कमी?

भाच्याचा पाच सेमिस्टरचा सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड, ७.४ आला आणि सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच त्याचा दहाने गुणाकार झाला. 'चौऱ्याहत्तरच? बारावीला तर पंच्याऐंशी होते!' ताईने मला लिहिलं, 'तिकडे याला कोण विचारणार, तूच सांग.'

सांगतो. इथे ब्रिटनमध्ये सत्तरला फर्स्ट क्लास मिळतो आणि निबंधाला ऐंशी क्वचितच कुणाला पडतात. साठ ते एकोणसत्तरला टू-वन म्हणतात, बऱ्याच कंपन्यांना तेवढं पुरतं. चौऱ्याहत्तर ऐकून इथला माणूस पार्टी मागेल. अर्थात इथलाही काटा फार खरा आहे अशातला भाग नाही. इंग्लंडमध्ये २०१०-११ साली जेमतेम १६ टक्के पदवीधर फर्स्ट क्लासमध्ये होते, २०२०-२१ मध्ये जवळपास ३८ टक्के. दहा वर्षांत पोरं एवढी हुशार झाली? आपल्याकडेही गुण असेच फुगले. सोलापूरला २००४ मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याआधी आमच्या डिग्रीवर कोल्हापूरचा शिक्का असायचा, आणि साठ टक्के पडले की नव्या पेठेतून पेढे यायचे.

मला इथल्या गुणांचं कौतुक नाही, तपासलेला निबंध हातात परत मिळतो त्याचं आहे. माझ्या पहिल्याच निबंधावर ५८ गुण होते आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे कशावरून?' पुढच्या पानावर पुन्हा तेच. दुसरा निबंध लिहिताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्याकडे उत्तरपत्रिका बघायची तर फोटोकॉपीचा अर्ज, फी, मुदत. एवढं करून नजर असते ती दोन मार्क वाढतात का यावर.

'नऊच्या वर काढ' असं पोराला सांगून काय होणार, ताई? त्याला नेमकं काय करायचंय ते आधी विचार. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. तो विचार असेल तर, सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट, म्हणजे वजन, सारखे आणि तुमचा तो दहाचा गुणाकार बरोबर धरला, तर सहाव्या सेमिस्टरला त्याला ८ हवेत. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे. नोकरीच धरायची असेल तर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची नेहमीची साठ टक्क्यांची अट त्याने कधीच ओलांडली आहे. मग हे सहा महिने त्याला एखाद्या धड प्रोजेक्टवर घालवू दे, आणि ग्रुपवरचा गुणाकार तेवढा बंद करा.