आजाऱ्याच्या वहीत सांभाळणाऱ्याच्या नावाचे पान

मराठवाड्यात घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की पहिल्या आठवड्यात सगळे कुटुंब धावून येते. पुण्याहून, चाकणहून मुले निघतात, जावई आणि साडू दवाखान्यात रात्र काढतात, कुणी अंगठी मोडतो, कुणी आडत्याकडून उचल आणतो आणि बिल भागते. ही माया खरी आहे. माझे म्हणणे त्यानंतरच्या काळाविषयी आहे. रुग्णाला घरी आणले आणि पाहुणे आपापल्या गावी परतले की पुढची कित्येक वर्षे त्या खाटेपाशी एकच माणूस उरते आणि बहुतेक घरांत ती सून किंवा मुलगी असते. तिच्या हातून सुटलेल्या कमाईची, थकलेल्या हप्त्यांची आणि मोडलेल्या दागिन्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. माझे ठाम मत असे आहे की, दीर्घ आजारपणाचा खर्च मांडताना सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या नावाने दरमहा एक रक्कम धरलीच पाहिजे, तिला औषधांइतकेच महत्त्व दिले पाहिजे आणि ती तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे.

मी उदगीर भागातल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. घरी सासूबाईंना पक्षाघात झालेला आहे आणि त्यांचे सगळे करतात त्या माझ्या जाऊबाई. त्यामुळे हा विषय मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी दिसतो.

सरकारी योजनांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढले आहे आणि आपल्या आठही जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांचा समावेश त्या योजनेत बऱ्याच आधीपासून आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हे कार्ड घरात कुणी आजारी पडण्याआधीच काढून ठेवावे. दवाखान्याच्या दारात उभे राहून आधार आणि मोबाइल क्रमांक जुळवत बसणे फार क्लेशाचे असते. मात्र या योजना रुग्णालयातील भरतीसाठी आहेत, तेही अंगीकृत म्हणजे योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांपुरत्याच. आयुष्मानमध्ये रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार धरलेला असतो. सोळाव्या दिवसापासूनचा सगळा भार घरावर येतो, आणि पक्षाघातासारख्या आजारात खरा खर्च त्या सोळाव्या दिवसानंतरच सुरू होतो.

तो खर्च कसा असतो हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवसाला तीन डायपर आणि खाली टाकायचे अंडरपॅड लागतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, कॅथेटर असेल तर तो बदलण्याची फी आणि तपासणीसाठी लातूरला नेताना गाडीभाडे, हे सगळे ठरलेले असते. आमच्या घरात हे मिळून महिन्याला साधारण बारा हजार रुपये होतात. गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागल्यावर त्यांचा खर्च बराच उतरला, आणि खाट व गादी सर्जिकलच्या दुकानातून भाड्याने घेतली. फिजिओथेरपीत मात्र आम्ही कधीच काटकसर केली नाही, आणि कुणीही करू नये असे माझे कळकळीचे सांगणे आहे, कारण पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जी हालचाल परत मिळते ती पुढे मिळवणे फार कठीण जाते.

आता या बारा हजारांकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. सन 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव बहुतेक वेळा त्याच्या खालीच राहिला. म्हणजे महिन्याचा हा खर्च सुमारे तीन क्विंटल सोयाबीनचा, आणि वर्षाचा पस्तीस क्विंटलच्या आसपासचा. पाच-सहा एकर कोरडवाहू जमिनीचे सगळे पीक, तेही पाऊस वेळेवर झाला तर. शिवाय उत्पन्न येते सुगीला आणि खर्च येतो दर महिन्याच्या एक तारखेला. आपल्याकडच्या घरांचे गणित जे बिघडते ते इथेच बिघडते. दिवाळीच्या आधी आडतीवरून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात पडते, उधारी फिटते, बी-खताची देणी जातात, कपडेलत्ते होतात आणि संक्रांतीपर्यंत हात रिकामे होतात. मग डायपरसाठी हातउसने, गोळ्यांसाठी बचत गटाचे कर्ज आणि शेवटी पीककर्जाचे पैसे आजारपणात जातात. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत जाते, खाते थकीत होते, आणि नवे-जुने करायला, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलायला, पुन्हा सावकाराचे दार गाठावे लागते. आजाराच्या खर्चासाठी पीककर्ज वळवणे हा सर्वांत महाग मार्ग आहे, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

यावर मला पटलेला उपाय साधा आहे. पट्टी आली की इतर कोणतेही देणे देण्याआधी पुढच्या सहा महिन्यांचा आजारखर्च वेगळ्या बचत खात्यात टाकावा आणि तिथून दरमहा ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. तुरीचे पैसे आले की पुन्हा तसेच करावे. ज्या घरात निवृत्त शिक्षक किंवा एसटीतून निवृत्त झालेले वडील आहेत, त्यांच्या फंडाची रक्कम मुलांच्या प्लॉटात जाण्याआधी तिचा काही भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावा. तीत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येते.

एवढे केल्यावरही अंदाजपत्रक अपुरेच राहते, कारण त्यात सांभाळणारी बाई नसते.

माझ्या जाऊबाई शिवणकाम करायच्या. लगनसराईत ब्लाउज, जून महिन्यात शाळेचे गणवेश आणि वर्षभर फॉल-पिको असे त्यांचे काम होते. त्या कमाईतून त्यांनी मुलीची बारावीची शिकवणी भरली होती. सासूबाई पडल्यानंतर पहिल्या लगनसराईत त्यांनी गिऱ्हाइकांची कापडे मोजमापाच्या चिठ्ठ्यांसकट परत केली, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची, वेळेवर भरवायचे, अंग पुसायचे आणि त्यातच शिवणाचा शब्द पाळायचा, हे एका माणसाला झेपत नव्हते. गिऱ्हाइके शिवणकाम करणाऱ्या दुसऱ्या बाईकडे गेली आणि तिथेच बांधली गेली. घरातल्या हिशेबात मात्र या काळात फक्त औषधे आणि गाडीभाडे लिहिले जात होते. बाई ठेवली असती तर तिचा पगार पहिल्या ओळीत आला असता. घरच्या बाईने तेच काम केले म्हणून ते फुकट झाले, हा हिशेब मला मान्य नाही.

घरकामाला पैशात मोजता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी न्यायालयांचा अनुभव पाहावा. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे असे स्पष्ट केले. न्यायालय हा हिशेब ती गेल्यानंतर करते, तर कुटुंबाने तो ती काम करत असताना का करू नये? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातल्या मुलांची आणि मोठ्यांची काळजी घेणाऱ्या 15 ते 59 वयोगटातल्या स्त्रिया दिवसाला सुमारे 140 मिनिटे आणि पुरुष 74 मिनिटे देतात असे दिसले. पूर्ण परावलंबी रुग्ण ज्या घरात आहे तिथे ही मिनिटे सकाळच्या अंघोळीतच संपतात.

आमच्या घरात हा विषय काढला तेव्हा सर्वांत आधी नकार दिला तो जाऊबाईंनीच. “आईंचं करायला मी पैसे घेऊ का? लोक काय म्हणतील?” असे त्या म्हणाल्या. त्यांना समजावले ते नणंदबाईंनी. त्या म्हणाल्या, “वहिनी, हे आईच्या सेवेचे मोल नाही. तुमची मशीन बंद पडली, त्यात आमचा वाटा आहे, तेवढाच आम्ही उचलतोय.” मग तिघे भाऊ आणि नणंदबाई यांनी आपापल्या मिळकतीप्रमाणे रक्कम ठरवली, ती कागदावर लिहिली आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जाऊबाईंच्या खात्यावर जाईल असे ठरले. रक्कम त्यांच्या आधीच्या कमाईपेक्षा थोडी कमीच आहे. तरीही हातात स्वतःचा पैसा आल्यावर त्या पुन्हा घरातल्या निर्णयांत बोलू लागल्या, हे मी जवळून पाहते आहे.

अशी बैठक घेताना एक पथ्य पाळावे लागते. जो पैसे पाठवतो त्याला हिशेब दिसला पाहिजे. आम्ही एका दोनशे पानी वहीत रोजचा खर्च लिहितो, बिले मागे टाचतो आणि महिनाअखेरीला त्या पानाचा फोटो कुटुंबाच्या गटावर टाकतो. पुण्यातल्या माणसाला डायपरचा भाव कळला की त्याचा प्रश्न विचारण्याचा सूर बदलतो. तसेच ज्याला पैसे देणे जमत नाही त्याने दिवस द्यावेत. महिन्यातून चार दिवस येऊन राहणारा भाऊ हाही मोठा हातभार आहे, आणि तो कागदावर तसाच लिहावा.

दरमहा मिळणाऱ्या या रकमेतून सांभाळणाऱ्या बाईने सर्वांत आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. वय चाळिशीच्या आत असेल आणि प्राप्तिकर भरत नसेल, तर अटल पेन्शन योजनेत खाते उघडता येते. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा बँक खात्याशी जोडून मिळतो. रुग्णाला उचलून ज्यांची कंबर जाते, त्यांच्या स्वतःच्या तपासणीचे पैसेही याच वहीत धरलेले असावेत. स्त्रीधन मात्र सर्वांत शेवटी मोडावे आणि मोडले तर ते कर्ज म्हणून लिहून ठेवावे.

कागदपत्रांचे एक दृश्य माझ्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. ऑटोतून उचलून आणलेले आजोबा खुर्चीत एका बाजूला कललेले असतात आणि मुलगा त्यांच्या बोटांत पेन बसवून जुन्यासारखी सही करवून घेण्याची धडपड करत असतो. याची गरज नाही. सही करता न येणाऱ्या खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल अशा रीतीने, घेता येतो, आणि 70 वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबतही रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. यापेक्षा बरे म्हणजे आई-वडील चालते-फिरते असतानाच खाते संयुक्त करावे आणि वारस नोंद तपासावी. मुखत्यारपत्र करायचे तर तेही याच काळात, कारण माणसाला व्यवहार समजेनासा झाला की नवे करता येत नाही आणि जुनेही चालत नाही.

भावंडांनी हात वर केले तर काय, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. 2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश मिळू शकतो. पण हा हक्क आई-वडिलांचा आहे, सांभाळणारीचा नाही. त्या कायद्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. वारसा कायद्यातही नवरा हयात असताना सासू-सासऱ्यांच्या मिळकतीत सुनेला वाटा नसतो, तिने वीस वर्षे केले तरी. म्हणून ज्यांची मती अजून शाबूत आहे आणि ज्यांचे सगळे एखादी सून किंवा एखादी मुलगी करते आहे, त्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, स्वकष्टाच्या मिळकतीतला काही भाग, मग ती गावठाणातली दोन खोल्यांची जागा असो की पोस्टातली ठेव, त्यांनी मृत्युपत्राने तिच्या नावे करावा. त्याला स्वतःच्या सहीसोबत दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी, आणि ज्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत त्यांचे मानसिक स्थिती ठीक असल्याचे प्रमाणपत्र त्यासोबत जोडून ठेवावे.