कच्च्या कोंबडी खताच्या तक्रारीला खत डेपोवाल्याचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण तुमच्या ट्रॉल्या कोणत्या ढिगातून भरल्या ते आधी वहीत पाहायचं होतं. तुम्ही लिहिलं की कुजलेलं म्हणून नेलेलं कोंबडी खत वावरात ओतलं तर त्यातून वाफा निघत होत्या, पिसं अन् तूस जसंच्या तसं होतं, अन् कोंबड्यांना दिलेली अँटिबायोटिक अन् औषधाला दाद न देणारे जंतू आम्ही तुमच्या सांबार (कोथिंबीर) अन् पालकाच्या वाफ्यात आणून टाकले.

खत कच्चंच होतं. तो ढीग फक्त अठरा दिवसांचा होता, एकदाच पलटी झाली होती. गाड्यांची घाई होती, मी स्वतः ढीग न पाहता ट्रॉली भरायला सांगितली. चूक माझी आहे, माफी मागतो.

औषधाचं म्हणता तेही खोटं नाही. पाण्यातून दिलेलं औषध सगळं काही कोंबडीच्या अंगात मुरत नाही, बराच भाग विष्ठेतून तसाच बाहेर पडून लिटरमध्ये, म्हणजे कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसात, बसतो. आतड्यातले कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात, अन् तो चिवटपणा ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात, मग ते मातीतले का असेनात. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक सरकारनं २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी बंद केलं ते यासाठीच, माणसाला दुसरं काही लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर ते काढतात. पण आमच्याकडे जिथून लिटर येतं त्या फार्मच्या रजिस्टरमध्ये एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक दिसतं. त्याचा काही भाग अंगात गेल्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे आपण माणसं घेतो तेच.

मागच्या वर्षी बाबांना लघवीचं इन्फेक्शन झालं, अ‍ॅडमिट करावं लागलं. कल्चरचा, म्हणजे लघवीतल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं त्या तपासणीचा, कागद माझ्या हातात होता, औषधांच्या नावांची यादी अन् पुढे आर, आर, आर. आर म्हणजे हे औषध चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनही होतं. बाबांना ते जंतू कुठून लागले हे कोणीच सांगू शकत नाही, मी खताच्या माथी मारून नाही राहिलो. पण तो कागद मी विसरलो नाही, म्हणून माझ्याच डेपोतून अशी ट्रॉली गेली याचं जास्त लागलं.

आता कुजवण्याचं सांगतो. ढीग आतून ५५ अंशाच्या वर तापला, तो ताप १५ दिवस टिकला अन् तेवढ्यात निदान पाच पलट्या झाल्या, म्हणजे बाहेरचा थंड माल आत गेला, तर रोगाचे जंतू बहुतेक मरतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात हेच माप आहे. टेट्रासायक्लिनसारखी औषधंही बरीच मोडतात. पण एन्रोफ्लॉक्सासिन चिवट आहे, ते खताला अन् आपल्या काळ्या मातीला चिकटून बसतं, अन् जंतू मेले तरी चिवटपणाचा गुण पूर्ण पुसला जाईलच असं नाही. म्हणून पोत्यावर "अँटिबायोटिकमुक्त" असं मी छापणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. माझ्या लॅब रिपोर्टमध्ये नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब सगळं येतं, औषधाचा रकानाच नसतो. अन् शेणखत घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही भाऊ, गाईला कासदाह झाला की तिलाही हीच इंजेक्शनं टोचतात.

आजवर आम्ही लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायचो, दहा मिनिटांनी काढून मुठीत धरायचो, चटका बसला की ढीग तापला. आता लांब दांडीचा थर्मामीटर आणला, रोजचा आकडा वहीत लिहून राहिलो. लिटर उचलताना शेवटचं औषध कोणतं अन् कधी दिलं ते फार्मवाल्याला विचारतो, औषधाच्या बॅचचा ढीग वेगळा लावतो, त्यात कुटार (भुसा) जास्त घालतो अन् तापून झाल्यावर आणखी तीन महिने मुरू देतो. भाजीपाल्याला तो ढीग देणार नाही.

तुमच्या वावराचं असं करा. जी ट्रॉली पसरली ती वखर मारून मातीत मिसळा, एक पाणी द्या. त्या तुकड्यात सध्या सांबार, पालक, मुळा काही लावू नका, मातीला टेकणारं अन् कच्चं खायचं पीक असेल तर कच्चं खत टाकल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावे लागतात. पंधरा दिवसांनी गहू पेरा, तो निघेपर्यंत तेवढे दिवस होऊन जातील. खताला हात लावला तर साबणानं धुवा, पोरांना तिथं खेळू देऊ नका, अन् विहीर जवळ असेल तर पाणी तिकडे वाहू देऊ नका.

दुसरी ट्रॉली बांधावर तशीच पडली आहे म्हणता, ती मी माझ्या खर्चानं उचलून आणतो. दोन्हीचे पैसे परत घ्या. बदल्यात पाहिजे असेल तर उन्हाळ्यातला ढीग आहे, सहा महिने झाले, काळाभोर भुसभुशीत आहे, आधी येऊन हातात घेऊन वास घ्या, वही पाहा, मगच ट्रॉली भरू. बिलावर माझाच नंबर आहे, सकाळी दहाच्या आत फोन करा, मी डेपोवरच असतो.